तेरा पायऱ्यांसाठी अडॅप्टर

ओंगार, डब्लिन १५
रविवार, २३ जानेवारी २००५

डॉ. उल्का (निवृत्त, पण माझ्यापुरती नव्हे) हिस,

आठवते का बघ. शनिवारची दुपार, शाळेच्या मागच्या पायऱ्या, आणि आपण दोघी सोमवारच्या पीटीसाठी कॅनव्हासच्या बुटांना पांढरी पॉलिश लावत बसलो आहोत. तुझे बूट होडीएवढे, माझे बाहुलीएवढे, आणि तुझी तक्रार अशी की पॉलिशची बाटली दोघींत निम्मी-निम्मी का, मापाप्रमाणे का नाही. तेवढ्यात सिस्टर कोलंबा मागून आल्या. आपण चपापलो. त्यांनी माझ्या हातातला ब्रश घेतला, खाली बसल्या आणि नाड्या आधी काढून वेगळ्या रंगवायच्या असतात हे करून दाखवले. मग उठून गेल्या. बस, एवढेच. त्या दिवशी दुसरे काहीही घडले नाही. तरी परवापासून तीच दुपार डोळ्यांपुढे येते आहे. सिस्टर ज्या देशातून आल्या त्या देशात बसून मी तुला लिहिते आहे, आणि विषय पुन्हा बुटांचाच आहे, म्हणून असेल.

तुझी पाठ कशी आहे? सकाळचा ताठरपणा कमी झाला का? इतरांना तू जे व्यायाम सांगायचीस ते स्वतः करतेस का, हा प्रश्न मी विचारत नाही, कारण उत्तर मला ठाऊक आहे. आमच्याकडे सर्व ग्रँड. (इथे सगळेच ग्रँड असते. परवा शेजारच्या बाईंचे छप्पर वाऱ्याने उचकटले, त्याही छत्री घेऊन उभ्या राहून ग्रँडच म्हणत होत्या.) संकेत कॉम्प्युटरच्या चिपच्या कारखान्यात, सूनबाई ज्ञानदा तिच्या ऑफिसात, अद्वय शाळेत. तो नऊ वर्षांचा झाला. मराठी सगळे समजते, पण उत्तर देतो ते अगदी सिस्टर कोलंबांच्या उच्चारात, त्यामुळे तो "आज्जी, वेअर्स द मिल्क?" म्हणाला तरी मी उगीचच दचकून उभी राहते.

आता आमच्या ह्यांच्याबद्दल. बायपासला सव्वा वर्ष झाले. ऑपरेशन उत्तम झाले हे सर्जन म्हणाले, तू म्हणालीस, इथल्या डॉक्टरनेही कागद बघून तेच सांगितले. जिने चढा, रोज चढा, असेही तिघांनी सांगितले. पण चंद्रहास दामल्यांनी पाटबंधारे खात्यात पस्तीस वर्षे काढली आहेत. तिथे तीन तज्ज्ञांचे एकमत झाले की त्यात काहीतरी गडबड आहे असे समजण्याची पद्धत असावी. पुण्यात आपले तिसऱ्या मजल्यावरचे घर बंद ठेवून आम्ही तळमजल्यावर भाड्याने राहायला गेलो ते तू पाहिलेसच. इथे आलो तर घराला जिना. तेरा पायऱ्या, वर गालिचा घातलेला, बाळसुद्धा रांगत जाईल असा. ह्यांनी पहिल्या दिवशी खालून वर नजर टाकली आणि "मी खाली बरा आहे" म्हणून सोफ्यावर अंथरूण पसरले. डिसेंबरच्या पाच तारखेपासून हे खाली, मी वर. अंघोळीची जागा वर, त्यामुळे हे जिन्याखालच्या कपाटाएवढ्या संडासात ओल्या टॉवेलने अंग पुसत होते. उल्का, चाळीस वर्षांच्या संसारात ह्या माणसाने मला एकदाही 'भीती वाटते' असे म्हटलेले नाही, आणि आताही म्हणत नव्हते. पण रात्री मी वर जायला निघाले की पहिल्या पायरीपर्यंत सोडायला यायचे आणि कठड्यावर हात ठेवून थांबायचे. मला एवढेच हवे होते की त्यांनी त्या तेरा पायऱ्या चढाव्यात. बाकी ह्या देशाकडून माझी काही अपेक्षा नव्हती.

त्यात ही स्कीची भानगड आली. संकेतच्या ऑफिसातले सहा-सात जण बारा फेब्रुवारीला ऑस्ट्रियाला बर्फावर जाणार, आपण सगळे जाऊ, असे ठरले. हे हॉटेलात बसणार आणि खिडकीतून बघणार, हेही ठरले. मी मात्र शिकत होते. हसू नकोस. डब्लिनच्या दक्षिणेला टेकडीवर एक उतरण आहे, तिच्यावर प्लास्टिकच्या ब्रशांची चटई अंथरलेली असते, त्यावर पाणी मारतात आणि लोक घसरतात. अद्वयला शनिवारी तिथे न्यायचे आणि दोन तास थंडीत कुडकुडत उभे राहायचे, त्यापेक्षा घसरलेले काय वाईट, म्हणून मीही पाय घातला. (पडले की दंडावर चकलीच्या सोऱ्यातून निघाल्यासारखी नक्षी उठते.) शिकवणारा डेक्लन म्हणून पोरगा आहे. मी डोके खाली पाय वर अशी पडले असतानाही तो मला ग्रँडच म्हणाला. आणि खरे सांगू? तिसऱ्या शनिवारी मी वरून खालपर्यंत न पडता आले. बासष्टाव्या वर्षी, पंजाबी ड्रेसवर संकेतचे जुने जॅकेट घालून. कानात वारा भरला होता. खाली आल्यावर मला रडू का आले ते मला कळले नाही, आणि मी चष्मा पुसल्याचे नाटक केले.

तर अडॅप्टर. हा काय प्रकार आहे ते सांगते, म्हणजे पुढचा अनर्थ कळेल. उतारावरच्या स्कीला बूट पुढून आणि मागून, दोन्हीकडून पकडलेला असतो. घसरायला ते छान, पण चढ आला की टाच उचलता येत नाही, आणि टाच न उचलता चढणे म्हणजे दोन्ही पाय पाटाला बांधून देवदर्शनाला जाणे. ऑस्ट्रियात तारेवरची शेवटची लिफ्ट जिथे संपते तिथून वर चाळीस मिनिटांच्या चढावर एक लाकडी झोपडी आहे, तिथे गरम सूप मिळते आणि तीन देशांचे डोंगर दिसतात. संकेतच्या ऑफिसातल्या लोकांकडे चढायच्या खास स्की आहेत. ह्याच्याकडे साध्या. साध्या स्कीवर अधूनमधून थोडेसे चढायचे असेल त्यांच्यासाठी एक घडीची चौकट मिळते, तिलाच अडॅप्टर म्हणायचे. ती बुटाच्या जागी स्कीत अडकवायची आणि तिच्यात आपला बूट अडकवायचा. चौकटीला पुढे बिजागरी, म्हणून टाच उचलते. स्कीखाली केसाळ पट्टी चिकटवायची. मांजरावरून हात फिरवल्यासारखे आहे, पुढे सरकते, मागे सरकत नाही. वर पोचलात की चौकट काढून पाठीवरच्या पिशवीत टाकायची आणि नेहमीसारखे खाली घसरायचे.

संकेतला वेळ नाही. तो म्हणाला, "बाबा, तुम्हीच निवडा ना. तीन प्रकार मिळतात, मला काही कळत नाही." त्याने हे सहज म्हटले, पण उल्का, सोफ्यावरचा माणूस उठून बसला. दुसऱ्या दिवशी सकाळी जेवणाच्या टेबलावर फाइल. तीत तुलनात्मक तक्ता, वजन, उंची, बिजागरीचा व्यास, टाचेखालच्या आधाराच्या पातळ्या, शेरा. पहिला प्रकार भक्कम पण जड, दोन किलोच्या वर. दुसरा हलका, पण त्याची पुढची पकड प्लास्टिकची. (शेरा : 'धरणाच्या दरवाजाला प्लास्टिक चालेल काय?') तिसऱ्यात माणूस स्कीपासून इतका उंच उभा राहतो की पाटावर पाट ठेवून वर चढल्यासारखे डुगडुगते. आठवडाभर घरात दुसरा विषय नव्हता. ज्ञानदाने एकदा तांदूळ कुठल्या प्रेसमध्ये ठेवलेत असे विचारले (इथे कपाटाला प्रेस म्हणतात), तर "आधी भारवहन क्षमता ठरू दे" असे उत्तर आले.

संकेतचा मित्र आशुतोष नागपूरचा. दोनदा बर्फावर जाऊन आलेला. तो चहाला आला, फाइल चाळली आणि म्हणाला, "काका, चाळीस मिनिटांसाठी एवढा कुटाणा? टाका खांद्यावर अन् चाला, काय लागते?"

"खांद्यावर टाकून चालायचे असते तर माणसाने चाक शोधून काढलेच नसते."

"पण काका, याला चाक कुठे आहे?"

"म्हणूनच तर अडॅप्टर लागतो!" असे म्हणून ह्यांनी फाइल मिटली. आशुतोष त्यानंतर बिस्किटांकडे वळला.

शेवटी पहिला प्रकार तांत्रिकदृष्ट्या मंजूर झाला. ऑस्ट्रियातल्या दुकानाला ईमेल गेली. त्यांनी विचारले की तळाची लांबी मिलिमीटरमध्ये कळवा. आणि इथे घात झाला. संकेतचे बूट वर, माळ्याच्या खोलीत. म्हणजे तेरा पायऱ्या आणि शिवाय शिडी. संकेत ऑफिसात, आणि मला वाटले हे सांगतील तसे करावे. हे म्हणाले, "बूट कशाला हवा? पाऊल आहे ना. संकेतचे आणि माझे पाऊल एकच, चपलासुद्धा अदलून-बदलून घालतो. वर्तमानपत्र आण."

तुला आठवत असेल, कोल्हापूरचा बाळू आम्हाला तीस वर्षे चपला करून पाठवतो, आणि दर दिवाळीला माप म्हणून ह्यांच्या पावलाचा कागद जातो. तसेच केले. हे वर्तमानपत्रावर उभे राहिले, मी गुडघ्यावर बसून पेन्सिल फिरवली, अंगठ्यापाशी नेहमीप्रमाणे ह्यांना गुदगुल्या झाल्या, नेहमीप्रमाणे ते मला ओरडले. लांबी दोनशे बासष्ट मिलिमीटर. खात्री म्हणून कागदही पाकिटात घालून दुकानाला पाठवला. (आल्प्सच्या पायथ्याशी कुणीतरी पाकीट उघडले असेल आणि आत स्थानिक निवडणुकीच्या बातमीवर काढलेले चंद्रहास दामल्यांचे पाऊल निघाले असेल. लोकांनी नमस्कार केला नसला म्हणजे मिळवली.)

जानेवारीच्या आठ तारखेला खोके आले. चौकट सुबक, चकचकीत. संकेतने बूट आणला आणि तो चौकटीवर ठेवला. बाळंतविड्यातले झबले कीचकाला घालायला घ्यावे तसे दिसले. स्कीचा बूट म्हणजे पावलाभोवती बांधलेला किल्ला असतो गं, त्याचा तळ पावलापेक्षा दोन-अडीच बोटे लांब. चपलेचे तसे नसते. ह्यांनी फाइल उघडून दोनशे बासष्ट हा आकडा तीनदा वाचला तेव्हा मला त्यांच्या छातीची काळजी वाटली. मग अद्वयने, ह्या घरातल्या एकमेव स्वच्छ बुद्धीने, सगळ्यांचे बूट एकेक करून लावून बघायला सुरुवात केली. ज्ञानदाचा मोठा. त्याचा लहान. आणि मग माझा. तो ज्ञानदाने कुठल्याशा शाळकरी मुलीला लहान झालेला, गुलाबी रंगाचा, स्कीसकट घेतलेला आहे. खट् असा आवाज होऊन बसला.

"इट्स आज्जीज!" अद्वय ओरडला.

सगळे माझ्या पायांकडे बघू लागले. ह्यांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि म्हणाले, "ठीक आहे. झोपडीवर सुचित्रा जाईल." मी आयुष्यात कुठल्याही स्पर्धेत निवडले गेले नव्हते. वर जाऊन आरशात बघितले आणि कुणी नाही असे बघून जरा छाती काढून उभी राहिले.

पण मालाची चाचणी झाल्याशिवाय स्वीकृती नाही. ओंगार तव्यासारखे सपाट. अकरा तारखेला, मंगळवारी, घरात आम्ही दोघेच असताना ह्यांनी जिन्याचा चढ मोजला. सदतीस अंश. झोपडीच्या वाटेचा बारा. "इथे चालले तर कुठेही चालेल" असे सांगून त्यांनी माझ्या गुलाबी स्कीखाली केसाळ पट्ट्या लावल्या. त्या संकेतच्या स्कीच्या लांबीच्या, त्यामुळे पुढे वीतभर जिभा बाहेर लोंबत होत्या. आणि मी, उल्का, बूट, अडॅप्टर आणि स्की यांसह जिना चढू लागले. गालिच्यावर पट्टी अशी पकडते की विचारू नकोस. एक हात कठड्याला. खालून सूचना : टाच वर, गुडघा वाक, आधार दुसऱ्या पातळीवर घे. मी आठवी पायरी ओलांडली तेव्हा मला खरेच तीन देशांचे डोंगर दिसू लागले होते.

तिथे टाचेखालचा आधार पडला. डावा पाय मागे गेला, गुडघा पिळला, आणि मी कठड्याला मिठी मारून लटकले. वर जाता येईना, खाली येता येईना, वळायला जागा नाही. स्कीची शेपटे खालच्या पायऱ्यांत अडकलेली. मी ओरडले नाही. मी फक्त म्हणाले, "अहो." तेही फार मोठ्याने नाही.

त्यांच्या पायांचा आवाज मला ऐकू आला. आठ पायऱ्या. मोजल्या मी. मागून दोन्ही हात लावून त्यांनी मला धरले आणि म्हणाले, "घाबरू नकोस, मी आहे." खाली उतरवणे शक्यच नव्हते, स्की आडव्या होईनात. म्हणून वरच ढकलत नेले, एकेक पायरी, बंद पडलेली फियाट ढकलावी तसे. शेवटच्या पायरीवर दोघे गालिच्यावर बसलो. दोघांनाही धाप. मी माझ्या गुडघ्याऐवजी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होते, ते त्यांच्या लक्षात आले असावे, कारण त्यांनी स्वतःची नाडी धरली, घड्याळ बघितले आणि मनगट सोडून दिले. मग इकडेतिकडे पाहू लागले. पाच आठवड्यांत त्यांनी हा मजला पाहिलाच नव्हता. "इथून कालवा दिसतो की!" म्हणाले. मग माझ्या खोलीच्या दारात उभे राहिले. आत एक कॉट, अद्वयची जुनी खेळणी, आणि त्यांतून उरलेल्या जागेत मी. "एवढीशी खोली? बोलायचे नाही का?" मी म्हटले, "बोलले असते तर काय केले असते?" त्यावर ते माझ्या बुटाचे बक्कल काढू लागले.

गुडघा सुजला. इथल्या डॉक्टरने वाकवून पाहिले, काही तुटलेले नाही म्हणाला, आणि विश्रांती व जिना बंद सांगितले. मी वर, कॉटवर, गुडघ्यावर गोठवलेल्या मटारचे पाकीट. संकेत-ज्ञानदा दिवसभर बाहेर. मग सकाळचा चहा कोण आणणार? नाश्ता? पेपर? मटार बदलायला? तूच सांग. पहिल्या दिवशी ते प्रत्येक पायरीवर थांबून आले आणि चहा कोमट झाला. आता वाफ असते. अंघोळही वरच्या मजल्यावर, चांगली शॉवरखाली, त्यात स्तोत्र म्हणतात ते खालपर्यंत ऐकू येते. गुरुवारी तर शिडी लावून माळ्यावर गेले आणि संकेतचा बूट पट्टीने मोजून आले. तीनशे चार. माझ्या मापाचे अडॅप्टर दुकानाला परत गेले आणि त्या मापाचे मागवले, कारण माझ्या गुडघ्याचे आता काही खरे नाही असे सर्वांचे मत पडले. पोस्टाची गाडी कोपऱ्यावर वळेपर्यंत मी खिडकीतून बघत होते.

असो. हात दुखला. थांबते. पाठ सांभाळ.

तुझी,
सुचित्रा

ता. क. : इथल्या डॉक्टरने आठ दिवस सांगितले होते. आज बारावा. गुडघा नवव्या दिवशीच बरा झाला. हे अद्वयला शाळेतून आणायला जातात तेव्हा मी जिना दोनदा वर-खाली करते आणि परत पांघरुणात शिरते. सिस्टर कोलंबा असत्या तर काय म्हणाल्या असत्या ते मला माहीत आहे, सांगू नकोस.

ता. क. २ : मुख्य काम हे. तुझ्या जुन्या लेटरहेडवर दोन ओळी लिहून संकेतच्या ऑफिसात फॅक्स कर. (नंबर पाकिटाच्या मागे आहे.) अस्थिरोगतज्ज्ञ या नात्याने लिही की अशा दुखण्याला सहा आठवडे लागतात आणि बर्फ पूर्ण वर्ज्य. मी बर्फावर गेले तर हे हॉटेलच्या खुर्चीत बसतील, आणि मी घरी राहिले तर जिना चढतील. झोपडी कुठे पळून जात नाही. पण मी वरून खालपर्यंत न पडता आले होते, हे तू आपल्या वर्गातल्या सगळ्यांना सांग. तिसऱ्या शनिवारी, असे नीट सांग.

ता. क. ३ : आम्ही मार्चच्या पहिल्या आठवड्यात परततो. तळमजल्याची किल्ली तुझ्याकडे आहेच. तिथली कमोडची खुर्ची तुझ्या जुन्या हॉस्पिटलला दे. पाठीला लावायचा लोखंडी टेकू स्वरूपावहिनींना, त्यांच्या आईंसाठी. हाक मारायची पितळी घंटा पद्मिनीच्या बालवाडीला. तिसऱ्या मजल्याची किल्ली कामाच्या लताबाईंना दे आणि सगळे घर पुसून घे, ह्यांना काही कळवू नकोस. चार पायांची काठी मात्र कोणालाही देऊ नकोस. ती घेऊन विमानतळावर तूच ये. मला ती ह्यांच्यादेखत लागणार आहे.